जीपीआर म्हणजे काय? जमिनीखालचं ‘दाखवणारं’ यंत्र आणि त्याची हद्द

ज्ञानवापीच्या बातम्यांपासून ‘जीपीआर सर्व्हे’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. हे यंत्र नेमकं काय दाखवतं आणि काय दाखवू शकत नाही, हे बातमी वाचण्याआधी माहीत असलेलं बरं.

जीपीआर म्हणजे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार. दिसायला ढकलगाडीसारखं. खालच्या डब्यात दोन अँटेना असतात. एक रेडिओ लहरी जमिनीत सोडतो, दुसरा परत आलेल्या लहरी पकडतो. विहिरीत हाक मारली की आवाज उलटा येतो ना, तसंच. खाली माती बदलली, दगड लागला, पोकळी किंवा ओल आली, की लहरीचा काही भाग तिथून परत फिरतो. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात. म्हणजे खोली थेट मोजलेली नसते, त्या जमिनीत लहरी किती वेगाने जातात हे धरून केलेला तो हिशेब असतो. कोरड्या वाळूत हा वेग हवेतल्या वेगाच्या साधारण निम्मा, तर पाण्यात जेमतेम नववा हिस्सा. वेग चुकीचा धरला की खोली चुकली.

स्क्रीनवर फोटो येत नाही. जमिनीत आडवा पाइप असेल तर पालथ्या वाटीसारखी रेषा उमटते. पण मोठा दगड किंवा झाडाचं जाड मूळही तशीच रेषा काढू शकतं. जाणकार त्याला ‘ॲनॉमली’ म्हणतात, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळं काहीतरी. ते काय आहे, किती जुनं आहे, कोणी बांधलं, हे रडार सांगत नाही.

जमिनीवरही बरंच अवलंबून आहे. बर्फातून लहरी शेकडो मीटर जातात, कोरडी वाळूही चांगली. चिकण, ओली किंवा खारी माती मात्र लहरी गिळून टाकते. विदर्भ-मराठवाड्यातली भिजलेली काळी माती म्हणूनच या यंत्राला जड जाते.

आता अयोध्येचं उदाहरण घेऊ, कारण तिथे रडारनंतर खोदकामही झालं आणि दोन्ही ताडून पाहता आलं. अलाहाबाद हायकोर्टाच्या आदेशावरून 2003 च्या सुरुवातीला बाबरी मशिदीच्या जागेचा जीपीआर सर्व्हे झाला. अहवालात 184 ॲनॉमली होत्या. त्या जुन्या बांधकामाच्या असू शकतात, पण खात्री खोदूनच होईल, असं सर्व्हे करणाऱ्या कंपनीनेच म्हटलं होतं. मार्चमध्ये कोर्टाने पुरातत्त्व खात्याला खोदायला सांगितलं. खात्याच्याच अहवालानुसार 184 पैकी 39 जागी सांगितल्याप्रमाणे काहीतरी मिळालं. 74 ठिकाणी सांगितलेल्या खोलीपर्यंत खोदूनही ते आढळलं नाही. उरलेल्यांपैकी काही जागा अडचणींमुळे खोदताच आल्या नाहीत. खोदकामात निघालेल्या अवशेषांचा अर्थ काय, हा वाद वेगळा. इथे मुद्दा यंत्राचा आहे. माझ्या मते हे आकडे प्रत्येकाने लक्षात ठेवावेत.

ज्ञानवापीत गोष्ट वेगळी. 21 जुलै 2023 ला वाराणसी जिल्हा कोर्टाने सर्व्हेचा आदेश दिला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने खोदकाम न करण्याच्या अटीवर तो होऊ दिला. सील केलेला वजूखाना वगळला होता. इथे आधी मोठं मंदिर होतं, असा निष्कर्ष खात्याने काढला. मशीद कमिटीला तो मान्य नाही. निष्कर्षाला आधार म्हणून भिंती, खांब, शिलालेख अशा वर दिसणाऱ्या गोष्टीही दिल्या आहेत. पण जीपीआरने जमिनीखाली जे टिपलं, ते खोदून ताडलेलं नाही. तेव्हा ‘रडारमध्ये सापडलं’ असा मेसेज आला तर एवढंच विचारा: खोदून पाहिलं का?

हे यंत्र कोर्टकचेरीसाठीच आहे असंही नाही. रस्ता खोदण्याआधी केबल-पाइप शोधायला, पुलाच्या काँक्रीटमधल्या सळ्या पाहायला ते रोज वापरतात. परदेशात जुन्या कब्रस्तानांत निशाणी नसलेल्या कबरी शोधायलाही वापरतात, आणि कबर उघडावी लागत नाही ही त्यातली मोठी सोय. मय्यत कफनात दफन झालेली, धातू काही नाही, मग दिसतं काय? बहुतेक वेळा हाडं नव्हे, तर खणून पुन्हा भरलेल्या मातीचा फरक किंवा आतली पोकळी. कबर धसून माती घट्ट बसली, की तेही दिसेनासं होतं.