सार्वभौमत्व आणि अधिसत्ता

इंग्रजी राजकीय परिभाषेत ‘सॉव्हरिन्टी’ आणि ‘सुझरेन्टी’ असे दोन शब्द आहेत. ‘वर असणे’ या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दांपासून दोन्ही निघाले आणि फ्रेंच भाषेच्या द्वारे इंग्रजीत आले. नाद जवळचा आणि अर्थाचे गोत्रही एकच. म्हणून पुष्कळ वेळा एकाच्या जागी दुसरा योजला जातो. परंतु या दोन शब्दांमधील अंतराने आशियाच्या इतिहासात राज्यांचे भवितव्य ठरविले आहे.

‘सॉव्हरिन्टी’ म्हणजे सार्वभौमत्व. ज्या भूमीवर ते असते, तेथील कायदा, कर, न्याय आणि सैन्य या सर्वांचा अंतिम अधिकार त्या सत्तेचा असतो. ‘सुझरेन्टी’ म्हणजे अधिसत्ता. येथे भूमी दुसऱ्याची, राजा दुसरा, अंतर्गत कारभारही त्याचाच. मात्र त्याने वरिष्ठ सत्तेचे श्रेष्ठत्व मान्य केलेले असते आणि परराष्ट्रव्यवहार बहुधा तिच्या हाती सोपविलेला असतो. आपल्याकडील ‘मांडलिक’ हा शब्द हेच नाते खालच्या बाजूने सांगतो.

ब्रिटिश अमलातील हिंदुस्थान हे या भेदाचे उत्तम उदाहरण होय. मुंबई, मद्रास, बंगाल अशा प्रांतांवर ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व होते. साडेपाचशेहून अधिक संस्थानांवर तिची अधिसत्ता होती. १८८९ च्या ब्रिटिश कायद्याने ‘इंडिया’ या शब्दाची व्याख्या करताना संस्थानांच्या प्रदेशांसाठी ‘सुझरेन्टी’ हाच शब्द योजला होता. व्यवहारात रेसिडेंटाचा शब्द मोडण्याची छाती फारच थोड्या राजांना होई. त्यामुळे हा भेद जवळजवळ नाममात्र वाटत असे.

१९४७ मध्ये मात्र तो एकाएकी जिवंत झाला. हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याने प्रांतांवरील सत्ता दोन नव्या राज्यांना मिळाली. परंतु संस्थानांवरील अधिसत्ता कोणाकडेही न जाता १५ ऑगस्ट रोजी संपुष्टात आली. त्रावणकोर व हैदराबाद यांनी तर जूनमध्येच स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला होता. ही पोकळी भरून काढण्याचे काम सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी केले. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण या तीन विषयांपुरते विलीनीकरणाचे करारपत्र राजांकडून लिहून घेण्यात आले. हैदराबादचा प्रश्न सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईने सुटला, तेव्हा कोठे मराठवाडा भारतात आला.

हिमालयापलीकडे याच शब्दाची कथा निराळी झाली. १९०४ मध्ये ब्रिटिश फौज ल्हासाला पोहोचली आणि तिबेटवर चीनचा अधिकार कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटिशांना ‘अधिसत्ता’ एवढेच मान्य होते. चिनी प्रतिनिधी तांग शाओयी यांचा आग्रह ‘सार्वभौमत्वा’चा होता. १९०५ मधील कलकत्त्याच्या वाटाघाटी या वादावर अडल्या, आणि १९०६ च्या करारात दोन्ही शब्द टाळावे लागले. १९०७ मध्ये ब्रिटन व रशिया यांनी आपसांतील करारात चीनची अधिसत्ता मान्य केली. त्या करारात तिबेटचा प्रतिनिधी नव्हता, आणि चीनचाही नव्हता. १९१४ च्या सिमला कराराच्या मसुद्यात अधिसत्तेबरोबर बाह्य तिबेटची स्वायत्तताही नमूद झाली. परंतु चीन सरकारने त्यावर सही करण्याचे नाकारले.

हा संदिग्ध वारसा स्वतंत्र भारताकडे आला. ऑगस्ट १९५० मध्ये पेकिंग येथे दिलेल्या भारतीय टिपणात चीनच्या संदर्भात ‘सार्वभौमत्व’ हा शब्द गेला. ऑक्टोबरमध्ये चिनी सेना तिबेटात शिरल्यावर ३१ तारखेच्या भारतीय पत्रात ‘अधिसत्ता’ आणि तिच्या चौकटीतील स्वायत्तता यांचा उल्लेख झाला. १६ नोव्हेंबरच्या उत्तरात चीनने ऑगस्टमधील शब्दच भारतापुढे ठेवला. चिनी लिपीत या दोन संज्ञांमध्ये केवळ आरंभीच्या एका अक्षराचा फरक आहे. पण त्या एका अक्षरात तिबेटची स्वायत्तता सामावली होती. १९५४ च्या भारत-चीन करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द आले आणि अधिसत्तेचा प्रश्न भारतापुरता मिटला. ब्रिटनने ही संज्ञा ऑक्टोबर २००८ पर्यंत जपली. मग ती कालबाह्य ठरवून सोडून दिली.

अधिसत्ता हा शब्द बलिष्ठांच्या सोयीचा होता. हक्क सांगता येई, जबाबदारी टाळता येई. त्यातील संदिग्धता जेव्हा संपते, तेव्हा खालच्या राज्याला काय मिळते, हे त्या शब्दाच्या अर्थावर ठरत नाही. संस्थानिकांना निदान अटी लिहिलेले करारपत्र मिळाले, पुढे त्या अटी टिकल्या नाहीत हा भाग वेगळा. तिबेटसाठी मे १९५१ मध्ये पेकिंगला सतरा कलमांचा करार झाला, तेव्हा चिनी सेना आधीच त्याच्या भूमीवर उभी होती.