सतरा वर्षांची गॅप आणि एक अल्बम

भाईंदरहून चर्चगेटपर्यंत लोकलने गेलं की एक अख्खा अल्बम ऐकून होतो. मागचे काही महिने माझ्या कानात एकच होता: 'इंडस क्रीड' या मुंबईच्या बँडचा २०१२ चा 'इव्हॉल्व्ह'. लांबलचक, वळणं घेत जाणारी गाणी, कीबोर्डचे थर, आणि मुख्य गळ्यामागे उभे राहणारे आवाज. आपल्याकडे एका गळ्याचं गाणं ऐकायची सवय, त्यामुळे एका ओळीचे तीन-चार पदर एकदम कानावर पडले की मजा येते. पण मजा येणं म्हणजे संशोधन नाही ना!

पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं की हा १९७० च्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचा वारसा आहे. गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले: 'पुरावा काय?' पुरावा नव्हता, फक्त कानाला साम्य वाटत होतं. (उत्तनच्या चर्चमधल्या सामूहिक गायनाशीही मी धागा जोडला होता, घराजवळचं म्हणून. तोही काढला.)

मग कालक्रम मांडला. १९८४ मध्ये हा बँड 'रॉक मशीन' नावाने सुरू झाला. पहिला अल्बम १९८८ चा. १९९३ मध्ये नाव बदललं. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला, १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला. मधल्या काळात गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले आणि 'आल्म्स फॉर शांती' हा प्रकल्प केला. म्हणजे दोन अल्बममध्ये १७ वर्षं.

आता गंमत बघा. १९८८ आणि २०१२, दोन्हीकडे बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे तिघं आहेतच. बदलले ते बास आणि ड्रम्स: नव्या फळीत रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी. इतिहासात प्रयोगशाळा नसते, पण अशी अर्धी जुनी-अर्धी नवी टीम मिळाली की तुलना करता येते. सगळे अल्बम लागोपाठ ऐकले तर सुरावटीची ओढ जुनी वाटते. तालाची मोडतोड मात्र नव्याबरोबर आली असावी. 'असावी' मुद्दाम म्हणतोय.

आणखी एक नाव वगळून चालणार नाही. मिक्सिंग टिम पामर यांचं; 'पॉर्क्युपाइन ट्री'चा 'इन अॅब्सेन्शिया' (२००२) त्यांनीच मिक्स केलेला. मग मला आवडणारी ती आवाजांची खोली रचनेतली की मिक्सिंगमधली? नुसत्या अल्बमवरून हे ठरत नाही. त्यासाठी लाइव्ह रेकॉर्डिंग हवं, जिथे स्टुडिओतल्या मिक्सिंगचा आधार कमी असतो. सध्या २०१० नंतरच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंची तारीखवार यादी करतोय. कोण कुठल्या ओळीला माइकजवळ येतं, एवढंच वहीत टिपतो.