संगणकीय भाषाशास्त्र : एका अहवालाने गोठवलेली विद्याशाखा (थ्रेड)

७ जानेवारी १९५४. न्यूयॉर्कमधील आयबीएमच्या मुख्यालयात एका संगणकाने साठहून अधिक रशियन वाक्ये इंग्रजीत आणून दाखवली. त्याच्याजवळ शब्द होते अवघे २५० आणि व्याकरणाचे नियम ६. वाक्येही बेतून निवडलेली होती. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मात्र मोठे मथळे झळकले.

जॉर्जटाउन विद्यापीठाचे लेऑन डोस्टर्ट यांनी भाकीत केले की, तीन ते पाच वर्षांत यंत्रानुवाद प्रत्यक्षात येईल. न्यूरेंबर्ग खटल्यातील दुभाष्यांची व्यवस्था उभारणारे हेच गृहस्थ. त्यांच्या शब्दाला वजन होते. शिवाय काळ शीतयुद्धाचा. सोव्हिएत शास्त्रज्ञ काय लिहितात, हे वॉशिंग्टनला तातडीने हवे होते. सरकारी पैसा विद्यापीठांकडे वाहू लागला आणि व्याकरणाची चिरफाड जाणणाऱ्या पदवीधराला एकाएकी मागणी आली.

१९६२ मध्ये या मंडळींनी आपली संघटना स्थापन केली. नाव लांबलचक : यंत्रानुवाद व संगणकीय भाषाशास्त्र संघटना. या नावातला पहिला शब्द पुढे अडचणीचा ठरला.

शंका आतूनच उमटली. एमआयटीत १९५१ पासून या विषयाला पूर्णवेळ वाहून घेतलेले येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये एक साधा पेच मांडला. इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी, तसेच तान्ह्या मुलाला खेळायला ठेवण्याचे कुंपणही. पेनमध्ये खोके आहे, असे म्हटल्यावर लेखणीत खोके मावत नाही हे माणसाला कळते. यंत्राला ते कोणत्या नियमाने सांगणार? आजही या विषयाच्या विद्यार्थ्याने प्रथम वाचावा असा हा युक्तिवाद आहे.

१९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या जॉन पिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती बसली. नोव्हेंबर १९६६ चा तिचा ‘अल्पॅक’ अहवाल कठोर होता. यंत्राचा अनुवाद माणसाच्या अनुवादाहून संथ, सदोष आणि दुप्पट महाग. अनुवादकांचा तुटवडाही नाही. गंमत अशी की, ‘संगणकीय भाषाशास्त्र’ ही संज्ञा ज्यांच्या नावे सांगितली जाते ते डेव्हिड हेज या समितीतच होते, आणि या शास्त्राला तात्काळ उपयोगाचा विचार न करता पाठबळ द्यावे, अशी शिफारसही अहवालात होती. पैसा देणाऱ्यांनी फटकारे तेवढे लक्षात ठेवले. अमेरिकेतील यंत्रानुवादाचे अनुदान जवळजवळ आटले.

१९६८ मध्ये संघटनेने आपल्या नावातून ‘यंत्रानुवाद’ हा शब्द गाळला.

त्याच वर्षी जॉर्जटाउनच्या प्रकल्पात काम केलेल्या पीटर टोमा यांनी ‘सिस्ट्रान’ ही कंपनी काढली. १९७० पासून अमेरिकी हवाई दल तिची प्रणाली रशियनसाठी वापरू लागले; १९७६ मध्ये युरोपीय आयोगानेही ती घेतली. विद्यापीठात कोंडलेली विद्या बाजारात तगली ती अशी.

नोकरीचे दार पुन्हा सताड उघडले ते मात्र वेगळ्या किल्लीने. १९७२ मध्ये आयबीएममध्ये आलेले फ्रेडरिक येलिनेक यांच्या गटाने वाक्-ओळखीसाठी व्याकरणाऐवजी संभाव्यतेचे गणित वापरले. १९८० च्या दशकाअखेरीस तेच गणित अनुवादालाही लावले गेले. वाक्यविचारात मुरलेल्या पिढीला आता संख्याशास्त्र शिकणे भाग पडले. व्याकरण किती आणि गणित किती, ही या अभ्यासक्रमांतील ओढाताण तेव्हापासूनची आहे.

त्या यंत्राला शिकवायला लाखो जोडवाक्ये लागली. ती कॅनडाच्या संसदेच्या इंग्रजी-फ्रेंच इतिवृत्तांतून घेतली गेली. त्यांचा अनुवाद पगारी माणसांनी केलेला होता.