विद्युत वाहनांच्या चार्जिंग उपकरणांची सुरक्षा-मानके : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विद्युत वाहनांविषयीच्या लेखनात बॅटरी, इंधनखर्च आणि शासकीय धोरण यांची चर्चा विपुल आढळते. वाहनाला वीजपुरवठ्याशी जोडणाऱ्या उपकरणाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वास्तविक, पावसात किंवा ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या सर्वसामान्य माणसाच्या हाती २३० व्होल्टची जोडणी रोज सोपवण्याचा प्रसंग या उपकरणामुळेच आला. ही जोडणी सुरक्षित ठरवताना मानककारांनी काय गृहीत धरले आणि ती गृहीतके भारतीय परिस्थितीत कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

५ आणि ३० मिलिअँपिअर

या इतिहासाचा आरंभ मोटारीपासून होत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येणार नाही, अशी अवस्था किती प्रवाहाला येते, हा त्यांचा प्रश्न होता. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया यांच्यावरील निरीक्षणांतून पुरुषांसाठी सुमारे १६, तर स्त्रियांसाठी सुमारे १०.५ मिलिअँपिअर ही सरासरी मिळाली. लहान मुलांवर असे प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते. डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे यंत्र सिद्ध केले. अमेरिकेत अशा यंत्रासाठी सुमारे ५ मिलिअँपिअर ही मर्यादा रूढ झाली.

युरोपीय परंपरेने निराळा प्रश्न विचारला. हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू नये, हा तिचा निकष होता. त्यातून ३० मिलिअँपिअरची मर्यादा आली आणि तिच्यासोबत पक्क्या अर्थिंगची अपेक्षाही आली. म्हणजे दोन्ही आकडे सुरक्षेचेच असले, तरी एकाची चिंता हात सुटण्याची आहे आणि दुसऱ्याची हृदय चालू राहण्याची. भारताने दुसरी परंपरा स्वीकारली. त्यामुळे तिच्यातील अर्थिंगची अटही आपल्याकडे आली, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

मृत प्लगची कल्पना

कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने १९९० मध्ये मोटार-उत्पादकांवर शून्य-उत्सर्जन वाहने विकण्याचे बंधन घातले आणि चार्जिंगच्या सुरक्षेचा प्रश्न तातडीचा झाला. १९९६ च्या अमेरिकन राष्ट्रीय विद्युत संहितेत या विषयासाठी ६२५ क्रमांकाचे स्वतंत्र कलम आले, आणि त्याच वर्षी एसएई संस्थेचे जे१७७२ हे मानक प्रसिद्ध झाले. जनरल मोटर्सच्या ईव्ही१ या मोटारीत धातूचा उघडा संपर्क नसलेली, चुंबकीय प्रेरणेवर चालणारी पद्धत होती. अन्य काही उत्पादकांनी प्रत्यक्ष धातुसंपर्काची पद्धत निवडली. सकृद्दर्शनी पहिली पद्धत अधिक निर्धोक वाटते. तथापि २००१ मध्ये मंडळाने दुसरीच्या बाजूने निर्णय दिला.

धातुसंपर्काची पद्धत स्वीकारार्ह ठरली, त्यामागे ‘कंट्रोल पायलट’ या एका बारीक तारेचा मोठा वाटा आहे. प्लगमध्ये आधी वीज नसतेच. उपकरण या तारेवर १२ व्होल्टचा संकेत ठेवते. वाहन जोडले गेले की वाहनातील रोध तो ९ व्होल्टवर आणतो, आणि वाहन सज्ज झाले की ६ व्होल्टवर. तेव्हा कुठे मुख्य पुरवठा सुरू होतो. संकेताचा परतीचा मार्ग अर्थिंगच्या तारेतून जातो. ती तार तुटली की संकेत नाहीसा होतो आणि पुरवठा खंडित होतो. एका तारेने दोन कामे साधणारी ही योजना पुढे आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकातही आली.

या संकेताची ३ व्होल्टची आणखी एक पायरी आहे. ‘चार्जिंगच्या जागी हवा खेळती ठेवण्याची सोय हवी’, असे वाहन तिच्याद्वारे सांगते. तशी सोय नसेल तर उपकरणाने पुरवठा सुरू करावयाचा नाही. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, त्यासाठी केलेली ही तरतूद होती. लिथियम बॅटरी आल्यावर पाश्चात्त्य देशांत ती जवळजवळ अवशेषरूप झाली.

भारतीय मानके आणि घरातील सॉकेट

भारतात २०१७ मध्ये स्वस्त चार्जिंगसाठी ‘भारत एसी-००१’ हे विनिर्देश ठरले. त्यात तीन पिनांचा औद्योगिक सॉकेट होता. पायलट तारेसाठी त्यात वेगळी पिन नसते. याच सुमारास पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या सहभागाने वाहन-उद्योगाचे एआयएस-१३८ हे मानक आले आणि २०१८ पासून भारतीय मानक ब्युरोची आयएस १७०१७ ही मालिका सुरू झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये आपल्या सुरक्षाविषयक विनियमांत दुरुस्ती करून चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र सर्किट, गळती-संरक्षक यंत्र आणि अर्थिंगच्या अखंडतेवर देखरेख या गोष्टी बंधनकारक केल्या. एक्स्टेन्शन वायर वापरण्यास मनाई केली. कागदावर ही रचना भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु दुचाकी आणि ई-रिक्षा बहुधा स्टेशनावर जातच नाहीत. त्या घरातील किंवा दुकानातील साध्या सॉकेटला जोडल्या जातात. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेला जोडलेली हिरवी तार जमिनीपर्यंत पोहोचतेच, अशी खात्री देता येत नाही. अर्थिंग तुटलेले असेल तर गळती प्रवाहाला वाट मिळते ती वाहनाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून, आणि संरक्षक यंत्र त्यानंतर सुटते. ते बसवलेलेच नसेल तर तेवढाही आधार उरत नाही. शिवाय चार्जरमधील बिघाडाने एकदिश प्रवाहाची गळती झाली, तर साधे यंत्र आंधळे होते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकाने ६ मिलिअँपिअरहून अधिक एकदिश गळतीसाठी वेगळे संरक्षण आवश्यक मानले.

ई-रिक्षांना २०१४-१५ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. त्यांपैकी बहुसंख्य दीर्घकाळ शिसे-आम्ल बॅटरीवरच चालत राहिल्या. रात्री बंद शेडमध्ये ओळीने चार्जिंगला लावलेल्या अशा रिक्षांना खेळती हवा खरोखरच लागते. ती मागणी कळवणारी पायलट तार त्यांच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये नाही.