काँक्रीट पुलांचे बलपरीक्षण व थकवा-आयुष्य

वापरातील काँक्रीट पुलाची उरलेली भारक्षमता आणि आयुष्य ठरवण्याची प्रक्रिया. ती का लागते, याचे उदाहरण: गोव्यातील मांडवी नदीवरचा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्याच्या आतील ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. असा गंज बाहेरून बहुधा दिसत नाही, हेच सर्वांत धोक्याचे.

प्रतिक्षेप हातोडा पृष्ठभागाच्या कठीणपणावरून काँक्रीटच्या बळाचा केवळ अंदाज देतो. श्राव्यातीत स्पंदांचा वेग पोकळ्या, भेगा सुचवतो. खात्रीसाठी काँक्रीटचा गाभा कापून दाबून फोडावा लागतो. भारचाचणीत वजन ठेवून तुळईचा झोल मोजतात. वजन काढल्यावर ती किती सावरते, हे अधिक बोलके.

थकव्याचा हिशेब वेगळा. प्रत्येक जड ट्रकगणिक सळईतील ताण चढतो-उतरतो. ही आवर्तने मोजून मायनरच्या हानी-बेरजेच्या नियमाने साचलेली हानी काढतात. गंजाच्या खड्ड्यातून तडा लवकर सुरू होतो, म्हणून गंज वगळून काढलेले आयुष्य फसवे ठरते.