इकडील सर्व खुशाल

अण्णा मुंबईहून आले की आमच्या घरात २७ माणसं जेवायला व्हायची. आबा, आजी, त्यांचे चार लेक, चार सुना, नांदायची सोडून परत आलेली एक आत्या, आणि बाकी सगळी आम्ही पोरं. माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्यातल्या कुसळं उगवणाऱ्या मुलखातलं घर. एवढ्या माणसांत रोज काही ना काही घडायचंच. कुणाची म्हैस अडायची, कुणाच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे, कुणाचं पोर गोवरानं फणफणायचं. पण घडलेली गोष्ट ज्याची त्याची नसायची. ती आधी सोप्यात आबांच्या कानावर जायची, तिथनं माजघरात, आणि शेवटाला चुलीपाशी. उलट्या वाटेनं, म्हणजे चुलीकडनं सोप्याकडं आलेल्या बातमीला बातमी म्हणतच नसत. तिला चहाडी म्हणायचे.

टपाल गावात रुळायच्या आधी बातमी माणसाच्या पायांनी चालायची. लग्नाचं, बारशाचं बोलावणं भाऊबंद नाहीतर न्हावी घेऊन जायचा. मयताचा सांगावा मात्र महारानं न्यायचा, असा गावगाड्याचा दंडक. रात्र असो, पाऊस असो, दहा-दहा कोस जायचं, पाहुण्याच्या दाराबाहेर लांब उभं राहून सांगायचं आणि तसंच परत फिरायचं. बदल्यात काय, तर सुगीला खळ्यावर मिळतील ते दाणे. आबा हे सांगताना ‘पद्धत व्हती तशी’ एवढं म्हणून पुढं जायचे. मला तसं पुढं जाता येत नाही. दुसऱ्यांच्या घरची मरणं वाहायचं काम एका जातीच्या गळ्यात बांधून बाकीचं गाव मोकळं झालं होतं. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर आमच्याकडच्या महारवाड्यानं हे काम सोडून दिलं. १९५८ च्या कायद्यानं महार वतनंही गेली. मग आपल्या घरच्या मयताचा सांगावा आपल्याच पोरांनी न्यायची वेळ आली. थोरले चुलते, तात्या, पहिल्यांदा असे गेले ते चुलत आजीच्या मयताला. पाहुण्यांनी बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि ह्यांची जीभच उचलेना. तासभर पीकपाण्याच्या गोष्टी करून शेवटी उठताना म्हणाले, “तेवढी म्हातारी गेली बगा.”

पोस्टकार्ड देशात १८७९ पासून होतं, पहिल्यांदा एका पैशाला मिळायचं. आमच्या गावात त्याला खरा मान आला तो पोरं मुंबईच्या गिरण्यांत जायला लागल्यावर. मास्तरांच्या ओसरीत ब्रँच पोस्ट होतं. टपालाची थैली आठवड्यातनं दोनदा यायची. कार्ड म्हणजे उघडं काम. आमच्या घरची बातमी घरात यायच्या आधी मास्तरांना कळलेली असायची, टपालवाल्याला कळलेली असायची, आणि वाटेत पारावर कुणी हटकलं तर त्यालाही. कडेला हळदीकुंकवाची बोटं दिसली की लग्न. कोपरा फाडलेला असला की मयत. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अंगणात उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. बाकीची सगळी पत्रं सोप्यात आढ्याला टांगलेल्या तारेच्या आकड्यात टोचली जायची. वर्षानुवर्षं ती तशीच, धुरानं तांबूस होत.

तारेचं म्हणजे टेलिग्रामचं तर बोलायलाच नको. तार आली म्हणजे कोण तरी गेलं, एवढंच गावाला ठाऊक. एकदा भर दुपारी तार आली. इंग्रजी मजकूर, घरात वाचणारं कुणी नाही, मास्तर परगावी. आजीनं गळा काढला, आत्यानं चूल विझवली, आळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणं आपापल्या घरनं भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. दिवेलागणीला मास्तर आले, त्यांनी चष्मा लावून वाचलं, ‘गुरुवारी पोचतो.’ आळीच्या भाकरी मग आम्ही पोरांनी संपवल्या. २०१३ च्या जुलैत सरकारनं तारसेवा बंद केली तेव्हा पेपरात बरेच हळहळले. मला ते पिठलं आठवलं.

सहावी-सातवीत गेल्यावर पत्र वाचायचं काम माझ्याकडं आलं. आबा भिंतीला टेकून, तात्या नि दादा उंबऱ्यावर, आणि माजघराच्या दाराआड बायका. दिसायच्या नाहीत, बांगड्या तेवढ्या वाजायच्या. अण्णांचं पत्र दर महिन्याला एका ठशाचं. तीर्थरूप आबांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. मग बैलांची चौकशी, पावसाची चौकशी, आणि शेवटी ‘घरातील लहानथोरांस नमस्कार व आशीर्वाद.’ नानी, म्हणजे अण्णांची बायको. तिच्या वाट्याला त्या पत्रातलं काय यायचं, तर ‘लहानथोर’ ह्या शब्दातला एखादा भाग. नवऱ्यानं बायकोचं नाव बापाच्या पत्रात कसं लिहायचं? आणि बायकोला वेगळं पत्र धाडायचं म्हणजे तर गावभर हसं. वर्षातनं एकदा कधी तरी ‘थोरल्या पोराच्या आईने औषध घेतले का’ असं यायचं. त्या दिवशी दाराआड बांगड्या वाजायच्या थांबायच्या.

लालबागला एका चाळीत आमच्या गावचा गाळा होता. खोली दहा बाय बाराची, गडी वीस-बावीस. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून ते जमायचं. एक कामावर गेला की त्याची वळकटी गुंडाळून दुसऱ्यानं आपली पसरायची. जेवण खानावळवाल्या बाईकडं. पगार झाला की मनीऑर्डर. १९७२ च्या दुष्काळात ह्या मनीऑर्डरीनंच आमचं घर तगलं. त्या वर्षी विहिरीच्या तळाला भेगा गेल्या, आई आणि काक्या सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या, आम्ही पोरांनी सुकडी खाल्ली, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. घर असं चार कामांवर पांगलं तरी पत्रात आम्हीही कळवत होतो, ‘इकडील सर्व खुशाल.’ आबा सांगायचे तसंच मी लिहायचो. “त्यो तिकडं एकलाच हाय. त्येला कशाला घोर?”

दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. कार्ड आलं. मी वाचलं. खुशाल. बैल, पाऊस, लहानथोर. आजी माझ्याशेजारी शेंगा फोडत होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं हात पुसून कार्ड मागून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“ह्ये न्हाय त्येचं,” ती म्हणाली. “त्येच्या वळी वर चढत्यात. ह्या शेतातल्या सरीवाणी सरळ हाइत.”

खरंच होतं. अण्णांचं अक्षर दुसरी शिकल्या माणसाचं, ओळ डावीकडनं उजवीकडं जाता जाता वर चढायची. हे अक्षर गोल, सुबक होतं. सोप्यात कुणी बोललं नाही. आबांनी तात्यांकडं बघितलं आणि तात्या उठून फेटा बांधायला लागले. त्याच रात्रीच्या यष्टीनं ते मुंबईला गेले. माजघरात सांगितलं काय, तर ‘पैकं आणाय गेलाय.’

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात होतो. नानी शेण काढत होती. पाटी खाली ठेवून तिनं विचारलं, “बाळ, काय लिवलं व्हतं रं?”

“खुशाल म्हणून.”

“खुशाल कुणी लिवलंय?”

मला उत्तर ठाऊक नव्हतं. तिनंही वाट बघितली नाही, पाटी उचलली.

तात्या नवव्या दिवशी आले. गिरणीत मशीनमध्ये सापडून अण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं गेली होती. इस्पितळात होते, तिथनं गाळ्यातल्या एका सांगलीकडच्या सोबत्याला सांगून कार्ड लिहवलं होतं. आबांना हे सोप्यात सांगितलं. तिथनं माजघरात जायला दोन दिवस लागले, कारण मध्ये अमावस्या होती, आणि वाईट बातमी अमावस्येला बाईमाणसाला सांगू नये असं आजीचं म्हणणं. पण नानीला ते तोवर कळलेलं होतं. कासारणीनं सांगितलं.

ह्या कासारणीबद्दल जरा सांगायला हवं, कारण गावाकडच्या इतिहासात तिचं नाव कुणी घेत नाही. बांगड्या भरायला ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. तिचा फेरा पंधरा-वीस गावांतनं. सुनेचा हात हातात घेतल्याशिवाय बांगडी चढत नाही, आणि हात हातात असताना ती काय पुटपुटते ते सासूला ऐकू येत नाही. नानीच्या माहेरचा एक भाऊही लालबागलाच होता. त्याच्याकडनं माहेरी, माहेरावरनं कासारणीकडं आणि तिच्याकडनं नानीच्या मनगटापर्यंत, असा तो निरोप आला होता. सोप्यातल्या वाटेपेक्षा ही वाट लांबची, पण जलद. आणि ज्याची बातमी त्यालाच पोचवणारी. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला नाहीतर चैत्रात शिंगणापूरच्या यात्रेला बायका एवढ्या ओढीनं का जायच्या, ते मला पुढं कळलं. देव होताच. पण गर्दीत बहीण भेटायची, आई भेटायची, आणि सहा महिन्यांचं साठलेलं सगळं अर्ध्या तासात बोलून व्हायचं.

रेडिओ आमच्याकडं फार उशिरा आला, आणि आला तरी त्याच्या बातम्या घराच्या कामाच्या नव्हत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्याकडंही उतरंडी हलल्या, कुत्री रडायला लागली, सगळी अंगणात येऊन उभी राहिली. पाटण भागात आमची धाकटी आत्या दिलेली. शेजारच्या रेडिओवर शंभरावर माणसं गेल्याचं सांगत होते. आजी त्या रेडिओपुढं बसून म्हणत होती, “त्यास्नी इचारा की, आमची सगुणी कशी हाय?” चौथ्या दिवशी दादा जाऊन आले. घर पडलेलं, जनावरं दबलेली, पण त्यातलं काही न सांगता दारातनंच त्यांनी एक शब्द टाकला, “हाय.” बाकीचं पुढं महिनाभर थोडं थोडं कळत गेलं.

अण्णा बरे होऊन गिरणीत परत गेले. त्यांना झाडलोटीचं काम मिळालं. डाव्या हातानं लिहायला शिकले. आता ओळी खाली उतरायच्या, पण मजकूर तोच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. तेव्हा मी कॉलेजात होतो, पेपर वाचत होतो. घरी मात्र संपाची बातमी पत्रातनं आली नाही. पत्रं येत होती, इकडील सर्व खुशाल. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. मार्चात नाही. होळी झाली, पाडवा झाला. टपालवाला आमच्या दारावरनं जाताना खाली बघून जायला लागला. आबा एकदा म्हणाले, “समदं खुशाल हाय तर पैकं का न्हाइत?” पण त्यांनी ते मला लिहायला सांगितलं नाही.

अण्णा आले ते जून लागताना. यष्टीतनं उतरले, पत्र्याची ट्रंक खाली घेतली आणि मागनं टपावरनं कंडक्टरनं वळकटी सोडली. आजी ओट्यावर बसली होती. गणपतीला, शिमग्याला येणारा माणूस वळकटी आणत नसतो, ती गाळ्यात राहते, कारण तेवढीच त्याची मुंबईतली जागा. आजीनं वळकटीकडं बघितलं आणि आत बघून म्हणाली, “दोन भाकरी रोजच्या जास्त टाकत जावा.” संपाबद्दल घरात एवढंच बोलणं झालं. तो संप कुणी मागं घेतल्याचं जाहीर झालंच नाही. गिरण्यांची तेवढी एकेक करत कुलपं गंजली. अण्णा पुढं शेळ्या राखत होते. सामंत चुकले की मालक, ह्यावर पारावर भांडणं लागायची. अण्णा उठून जायचे.

आबा गेल्यावर १९८६ साली वाटण्या झाल्या. विहिरीच्या पाळ्या, बैलं, हंडे, घंगाळं, सगळं चार ठिकाणी झालं. माणसंही झाली. आमच्या चुली वेगळ्या झाल्या तशी सोप्यात पत्र वाचायची रीतही मोडली. पंधरा पैशांचं कार्ड ज्याचं तो आपल्या घरात वाचायला लागला, आणि सुनांना स्वतःच्या नावानं पत्रं येऊ लागली. जुनं घर मोडलं म्हणून हळहळणाऱ्यांत मी नाही, निदान ह्या एका बाबतीत तरी. आढ्याच्या त्या तारेत टोचलेली पत्रं मात्र कुणाच्याच वाटणीत धरली नव्हती. पंच उठून गेल्यावर नानीनं स्टुलावर चढून तो आकडा काढला आणि आपल्या खोलीत नेला.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नानीला अजून वाचता येत नाही. पण तिनं त्या पत्रांचे गठ्ठे लावलेत. ओळी वर चढणारा एक. ओळी खाली उतरणारा एक. बाकीच्यांची पत्रं वेगळी. आणि एक कार्ड एकटंच, पातळाच्या काठाच्या पट्टीत बांधलेलं. गोल अक्षराचं, सरळ ओळींचं. गेल्या दिवाळीत मी ते सोडून बघत होतो.

“नानी, ह्यात तर सर्व खुशाल एवढंच आहे.”

“ठावं हाय,” ती म्हणाली आणि माझ्या हातनं घेऊन पट्टी परत बांधली.