डॉक्टर यामेई किन

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें नांव आपल्या घराघरांतून आदरानें घेतलें जातें. १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथें पदवी मिळविली. त्याच्या एकच वर्ष आधीं न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एक चिनी तरुणी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती, हें मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

यामेई किन हिचा जन्म १८६४ सालीं चीनमधील निंगपो येथें झाला. ती अगदीं लहान असतांनाच आईबाप सांथींत दगावले, आणि डॉ. मॅकार्टी या अमेरिकन मिशनरी दांपत्यानें तिला पोटच्या पोरीप्रमाणें वाढविलें. महाविद्यालयांत तिनें आपलें नांव इंग्रजी वळण देऊन नोंदविलें. हा संकोच मला तरी समजूं शकतो. १८८२ च्या कायद्यानें अमेरिकेनें चिनी मजुरांस दार बंद केलें होतें व चिनी माणसास तेथील नागरिक होण्याचीही मनाई केली होती.

१८८७ सालीं न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत यामेईबाईंचा लेख प्रसिद्ध झाला. शरीरांतील सूक्ष्म पेशीजालांचीं छायाचित्रें सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें कशीं घ्यावींत, हा त्याचा विषय. भिंगांतून दिसेल तें हातानें रेखाटण्याचा प्रघात तेव्हां सर्रास होता; ही तेवीस वर्षांची बाई कॅमेऱ्याची बाजू घेऊन तज्ज्ञांपुढें उभी राहिली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत आनंदीबाई पुण्यास वारल्या, रोग्यांची सेवा करण्याची संधि मिळण्यापूर्वींच. दोघींच्या दैवांतील हें अंतर मनास चटका लावतें.

यामेईबाईंचें दैव तरी कोठें सरळ होतें? चीनमध्यें त्या मिशनच्या कामास गेल्या, पण हिवतापानें त्यांस जपानला जावें लागलें. १८९४ सालीं लग्न झालें, मुलगा झाला, पुढें लग्न मोडलें. मग अमेरिकेंत व्याख्यानें देऊन त्यांनीं चरितार्थ चालविला. पाश्चात्य वैद्यक शिकलेली ही बाई व्यासपीठावर मात्र चिनी पोशाखांत येई. १९०७ पासून युआन शि-काई या प्रबळ अधिकाऱ्याच्या पाठबळानें त्यांनीं तिएन्त्सिन येथें स्त्रियांचें रुग्णालय चालविलें; परिचारिकांचें विद्यालयही काढलें.

१९१७ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, अमेरिकन शेतकी खात्यास त्यांची आठवण झाली. मांसाऐवजीं सोयाबीन खातां येईल काय, हें पाहण्यास त्यांस चीनला धाडण्यांत आलें. सोयाबीनच्या दुधाचें पनीर आपल्या मुलखांत गरीबश्रीमंत सारेच शतकानुशतकें खात आहेत, हें त्या अमेरिकनांस पटवूं लागल्या. दरम्यान त्यांचा एकुलता मुलगा अलेक्झांडर अमेरिकन सैन्यांत भरती झाला होता. १९१८ सालीं तो फ्रान्सच्या रणभूमीवर पडला.

१९२० सालीं यामेईबाई चीनला परतल्या आणि १९३४ सालीं पेकिंग येथें त्यांचा अंत झाला. चिन्यांवरील बंदीचा कायदा अमेरिकेनें रद्द केला तो १९४३ सालीं.